गॅरेजात शहाणी होणारी गाडी

पूर्ण मेलेला फ्युएल पंप ओळखायला फार अक्कल लागत नाही. किल्ली ‘ऑन’वर आणल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद येणारी घुर्रघुर्र येत नाही, सेल्फ घेतो पण इंजिन पेट घेत नाही, टाकीवरच्या कनेक्टरपर्यंत करंट येतोय आणि पंप मात्र ढिम्म; प्रकरण तिथेच मिटतं. कस लागतो तो मधूनच दगा देणाऱ्या पंपापाशी. गाडी खंबाटकीच्या चढावर झटके मारते, बंद पडते, वीस-पंचवीस मिनिटं कडेला उभी राहते आणि मग काही घडलंच नाही अशा थाटात सुरू होऊन घरी येते. दुसऱ्या दिवशी गॅरेजात नेली की इतकी गुणी वागते, की तक्रार करणारा मालकच खोटा पडतो. मेकॅनिक स्कॅनर लावतो, त्यात काही येत नाही. प्लग साफ करतो, एअर फिल्टर झटकतो आणि ‘चालवून बघा’ म्हणतो. नाहीतर थेट दुसऱ्या टोकाला जातो: ‘पंप टाकून देऊ, तोच असणार.’ ही दोन उत्तरं परस्परविरोधी वाटली, तरी दोन्हींचं मूळ एकच आहे, असं मला वाटतं. बिघाड हजर नसताना जे दिसलं, त्यावरून बिघाडाबद्दल निवाडा दिला गेला. मधून येणाऱ्या दोषाच्या बाबतीत तो नसतानाची तपासणी फारसं काही सांगत नाही. तिथे ‘काय बिघडलं’ हा प्रश्न नंतरचा. ‘केव्हा बिघडतं’ हा आधीचा. आणि त्याचं उत्तर मिळवायचं, तर दोष येईल त्या क्षणी त्याची साक्ष नोंदवण्याची तयारी आधीच करून ठेवावी लागते.

पंप मधूनच का रुसावा, हे त्याच्या रचनेतच आहे. इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत हा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. बारा व्होल्टवर फिरणारी एक छोटी मोटर, तिच्या टोकाला बारीक पात्यांची चकती, खाली गाळायची जाळी. आणि बहुतेक गाड्यांत तीन-चार बारच्या दाबाने पेट्रोल इंजिनकडे ढकलायचं काम. पेट्रोल मोटरच्या पोटातूनच वाहत जातं, तिला थंड ठेवतं, वंगणाचं कामही तेच करतं. वर्षानुवर्षं फिरून मोटरचे कार्बन ब्रश झिजतात, कम्युटेटरची एखादी पट्टी जळून काळी पडते. मोटर थांबताना नेमकी त्या पट्टीवर थांबली, तर पुढच्या वेळी हलत नाही. अशा वेळी टाकीच्या तळाला रबरी हातोड्याने हलकी थाप दिली, की आर्मेचर केसभर सरकतं आणि पंप सुरू होतो. थापेने चालू झालेला पंप बरा झालेला नसतो. त्याने फक्त कबुलीजबाब दिलेला असतो. दुसरं कारण उष्णता. तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्यांनी वाढतो; म्हणजे मोटरची गुंडाळी साठ अंशांनी तापली, तर विरोध जवळजवळ पाव पटीने वाढतो. नव्या मोटरला हे पचतं. झिजलेले ब्रश आणि घट्ट झालेलं बेअरिंग घेऊन फिरणाऱ्या मोटरला पचत नाही. तिचा वेग पडतो, दाब पडतो, इंजिन मिसिंग करू लागतं. उभी राहिली, थंड झाली, की पुन्हा ठणठणीत.

पंप खरोखर दोषी असल्याचे मोठ्या प्रमाणावरचे दाखलेही आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. जपानच्या डेन्सो कंपनीने बनवलेल्या पंपांमुळे 2020 पासून टोयोटा आणि होंडासारख्या कंपन्यांना जगभरात लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्या पंपांतल्या प्लास्टिकच्या चकतीची घनता हवी तेवढी नव्हती. ती पेट्रोल शोषून फुगायची, वाकायची आणि पंपाच्या आतल्या भिंतीला घासायची. आपल्याकडे जुलै 2020मध्ये मारुती सुझुकीने वॅगन-आर आणि बलेनो मिळून 1,34,885 गाड्या फ्युएल पंपाच्या तपासणीसाठी बोलावल्या. एप्रिल 2021मध्ये होंडाने 77,954 गाड्यांचे पंप बदलायला घेतले. फुगलेली चकती एका दिवसात अडकत नाही. आधी पिकअप मंदावतं, कधी इंजिन अडखळतं, एखाद्या वेळी स्टार्टच होत नाही, आणि मधले दिवस सुरळीत जातात. त्या मधल्या दिवसांत गाडी दाखवायला नेणाऱ्या मालकाला ‘गाडीला काही झालेलं नाही’ हेच ऐकावं लागणार. म्हणून ज्याची गाडी अशा यादीत येते, त्याने आधी कंपनीकडे चासी नंबर तपासून घ्यावा. तिथे निदान दुसऱ्या कोणी मोठ्या पुराव्यानिशी आधीच करून ठेवलेलं असतं.

पण यादीबाहेरच्या गाडीचं काय? पंप हा एका साखळीतला एक दुवा आहे. बॅटरी, फ्यूज, रिले, पायाखालच्या गालिच्यामागून मागे गेलेली वायर, टाकीच्या झाकणावरचा कनेक्टर, मग पंप आणि तिथून बॉडीला जाणारी अर्थिंग. या सगळ्यांवर इंजिनच्या कॉम्प्युटरची, म्हणजे ईसीएमची नजर असते. किल्ली ऑन केली, की तो पंप दोनेक सेकंद चालवतो आणि थांबवतो. इंजिन फिरतंय असा निरोप क्रँक सेन्सरकडून आला, तरच पुढे चालू ठेवतो. अपघातात इंजिन थांबलं, तर पंप पेट्रोल ओतत राहू नये, म्हणून ही व्यवस्था. त्यामुळे क्रँक सेन्सरने मान टाकली, तरी पंप बंद होतो, आणि वरवर पाहणाऱ्याला पंप मेलेला दिसतो. साखळीतला कोणताही दुवा लटका पडला, तरी रस्त्यावरचं चित्र तेच: गाडी बंद, थोड्या वेळाने चालू. याचं सर्वांत बोलकं उदाहरण होंडाच्या 1980 आणि 90च्या दशकांतल्या ॲकॉर्ड, सिव्हिक अशा गाड्यांचं. डॅशबोर्डखाली असलेल्या मुख्य रिलेच्या छोट्या सर्किट बोर्डावर, तापण्या-थंडावण्याच्या हजारो फेऱ्यांनी, पिनांभोवतीच्या सोल्डरला केसासारख्या गोल चिरा पडत. उन्हात उभी केलेली गाडी दुपारी सुरू होत नसे. काचा खाली करून, दारं उघडून केबिन निवली, की सुरू होई. अशा गाडीत नवा पंप टाकून काही साधणार नव्हतं. इलाज होता तो रिले उघडून, भिंगातून चिरा पाहून, त्या पिनांवर सोल्डरचा नवा थेंब देण्याचा.

या उदाहरणात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘गरम झाली की बंद पडते’ हे वाक्य गॅरेजात सर्रास ऐकू येतं आणि तेवढ्यावर पंपाला दोषी ठरवलं जातं. परंतु गाडीत उष्णता एक नाही, निदान तीन आहेत. लांब पल्ला मारल्यावर, तासभर चालल्यावर पंपाची मोटर तापते. तेव्हा गाडी आधी पिकअप सोडते, चढावर झटके देते आणि मग थांबते. इंजिनापाशी असलेला क्रँक सेन्सर मात्र गाडी चालताना वाऱ्याने बराच सांभाळला जातो. गरम गाडी चहासाठी दहा-पंधरा मिनिटं थांबली, वारा बंद झाला आणि बॉनेटखालची सगळी धग साचली, की मग तो रुसतो. आणि डॅशबोर्डखालचा रिले तापतो तो इंजिनाने नव्हे, उन्हाने. गाडी सकाळपासून न हलवता दुपारी दोनला सुरू करायला गेलात, तरी तो दगा देईल. एकाच ‘गरम’ या तक्रारीमागे तीन वेगळे गुन्हेगार, आणि त्यांना वेगळं पाडणारा पुरावा कुठल्याही यंत्रात नसतो. तो गाडी किती वेळ चालली होती, किती वेळ थांबली होती आणि कुठे उभी होती या साध्या नोंदीत असतो. पेट्रोलची पातळीही अशीच बोलते. टाकी पाव भरलेली असताना वळणावर किंवा चढावरच अडखळणारी गाडी पंपाभोवतीच्या भांड्याकडे आणि जाळीकडे बोट दाखवते. सकाळी पहिल्या स्टार्टला सेल्फ जास्त घेऊन दिवसभर नीट चालणारी गाडी सांगते, की रात्रीतून पाइपातला दाब उतरतोय; तिथे मोटरपेक्षा दाब धरून ठेवणाऱ्या व्हॉल्व्हवर किंवा गळक्या इंजेक्टरवर संशय घ्यावा. आणि टाकीचं झाकण उघडताच फुस्स करून हवा आत ओढली जात असेल व त्यानंतर गाडी सुधारत असेल, तर टाकीला श्वास घ्यायची वाट तुंबली आहे का, हे आधी पाहावं.

‘केव्हा’चं उत्तर मिळालं, की मग ‘काय’साठी साक्षीदार नेमायचा. इथे साधा मल्टिमीटर फसवू शकतो. तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली, तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. पंपाला मात्र चार-पाच अँपिअर लागतात. चार अँपिअर वाहत असताना गंजलेल्या पिनेत एक ओहम विरोध असेल, तर चार व्होल्ट तिथेच जिरतात आणि पंपाच्या वाट्याला आठ उरतात. म्हणून जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन पंपाचा कनेक्टर काढून तिथे हेडलाइटचा 55 वॉटचा बल्ब जोडतो. तो पंपाइतकाच करंट ओढतो. बल्ब लख्ख पेटला, तर वायरिंग शाबूत. पिवळट लुकलुकला, तर पंप बदलून उपयोग नाही. पंप चालू ठेवून बॅटरीच्या मायनसपासून पंपाच्या अर्थिंगपर्यंतचा व्होल्टेज मोजला आणि तो दशांश एक-दोनऐवजी अर्ध्या-एक व्होल्टपर्यंत चढलेला दिसला, तर अर्थिंग सडलेली आहे. आणि हे सारं करूनही गाडी शहाण्यासारखीच वागली, तर पंपाच्या कनेक्टरवरून छोटा फ्यूज घालून दोन बारीक वायरी डॅशबोर्डपर्यंत आणायच्या आणि तिथे एक लहानसा व्होल्टमीटर बसवून गाडी मालकाच्या हवाली करायची. छातीत मधूनच धडधडणाऱ्या माणसाचा ईसीजी दवाखान्यात चांगला आला, तर डॉक्टर त्याच्या अंगाला होल्टर मॉनिटर बांधून घरी पाठवतात, तसंच हे. पुढच्या वेळी गाडी बंद पडेल तेव्हा सेल्फ मारत त्याकडे बघायचं: व्होल्ट पुरेसे आहेत आणि तरी मागून आवाज नाही, तर पंप गुन्हेगार, व्होल्टच नाहीत, तर गुन्हेगार अलीकडे कुठेतरी. जिथे महिनाभर तर्क चालले असते, तिथे एका नजरेत निम्मी साखळी बाद होते. दाब मोजायचा गेज लावायचा असेल, तर तो मात्र जाणकाराच्या हातूनच आणि गाडीच्या बाहेरच्या बाजूला. दाबाखालचं पेट्रोल केबिनमध्ये आणणं म्हणजे आगीला आवतण.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा. एवढी उठाठेव कशाला? पंप बदलून पाहावा. गाडी सुधारली तर पंपच खराब होता, नाही सुधारली तर नव्हता. ऐकायला हे प्रयोगासारखं वाटतं, पण प्रयोगाची पहिली अट इथे मोडते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पंप काढायचा म्हणजे मागचं सीट उचलायचं, कनेक्टर उपसायचा, पाइप सोडायचा, झाकणाची रिंग उघडायची, जुनी जाळी टाकून नवी घालायची आणि सगळं परत बसवायचं. यात गंजलेल्या पिना एकमेकींवर घासून चकचकीत होतात, ढिली अर्थिंग आवळली जाते, तुंबलेली जाळी जाते, टाकीतल्या आतल्या पाइपाचा चिरलेला तुकडा बदलला जातो. गाडी सुधारली, तर नव्या पंपामुळे की या चौघांपैकी कोणामुळे, हे कोण सांगणार? आणि हिरवट पडलेल्या पिना नुसत्या घासल्याने सुधारल्या असतील, तर दोन पावसाळ्यांनी त्या पुन्हा हिरवट पडतील. तेव्हा ‘नवा पंपही बोगस निघाला’ म्हणून तिसरा पंप येईल. पंप बदलल्यावर गुण आला, यावरून पंपच आजारी होता असं ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो पैशांचा आणि जिवाचा आहे. गॅरेजच्या बिलात पार्टची ओळ असते, मजुरीची ओळ असते. विचार करण्याची ओळ नसते. दोन तास वायर चाचपून ‘अर्थिंगचा बोल्ट आवळला’ एवढंच सांगणाऱ्या मेकॅनिकला गिऱ्हाईक पन्नास रुपये द्यायलाही कुरकुरतं, आणि पंप टाकणाऱ्याला हजारो रुपये निमूट देतं. मग त्याने पंप का टाकू नये? हे खरं आहे, आणि याचा दोष मेकॅनिकपेक्षा गिऱ्हाइकाकडे जास्त जातो. निदानाच्या वेळेचे पैसे वेगळे ठरवून दिले, तर निदान होईल. न दिले, तर अंदाज होतील आणि त्या अंदाजांची किंमत पार्टच्या रूपाने आपणच भरू. जिवाचा मुद्दा असा, की बोरघाटाच्या बोगद्यात ट्रकपुढे बंद पडण्यापेक्षा पंप उगाच बदललेला बरा. गाडी भर वेगात बंद पडत असेल, तर पुरावा गोळा करायला ती घाटात फिरवत बसणं हा वेडेपणाच. ती गावातल्या गावात चालवावी किंवा उभी ठेवावी. लाख-सव्वा लाख किलोमीटर झालेला पंप खबरदारी म्हणून बदलणंही शहाणपणाचं आहे. फक्त खबरदारीला निदान म्हणू नये. कारण खरा दोष रिलेत राहिला असेल, तर नव्या पंपानंतर माणूस निर्धास्त होऊन ती गाडी घेऊन रात्रीचा कोकणात उतरतो. धोका तेवढाच राहतो, सावधपणा तेवढा जातो.

तिसरा आक्षेप अनुभवाच्या बाजूने येतो. वीस वर्षं हात काळे केलेला मिस्त्री नुसता आवाज ऐकून सांगतो, त्याला बल्ब आणि नोंदवह्या कशाला? अनुभवाबद्दल मला आदर आहे. तो बहुतेक वेळा ‘केव्हा’च्या शेकडो उत्तरांचाच साठा असतो. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडताना आरपीएमचा काटा एकदम शून्यावर आपटला, की क्रँक सेन्सरचा संशय आधी घ्यायचा, आणि काटा इंजिनाबरोबर धडपडत उतरला, की पेट्रोलचा, हे अशाच अनुभवातून आलेलं शहाणपण. पण अनुभवाला काळ असतो. अँबॅसेडर आणि पद्मिनीचा यांत्रिक पंप इंजिनाला चिकटून बसायचा आणि टाकीतून पेट्रोल ओढून आणायचा; ओढीच्या कमी दाबात आणि इंजिनाच्या धगीत पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप वाफच चावत राहायचा. घाटात थांबून त्यावर ओलं फडकं ठेवणारे ड्रायव्हर तेव्हा अगदी बरोबर होते. पंप टाकीत गेला, पेट्रोल ओढण्याऐवजी दाबून पाठवलं जाऊ लागलं आणि दाबाखाली त्याची वाफ सहज होईनाशी झाली. तो आजार जवळजवळ संपला. तरी ‘तापली, थांबवा, थंड करा’ हे सूत्र तसंच राहिलं, आणि आज ते दोष लपवायचं काम करतं. नव्या पिढीचा स्कॅनरवरचा विश्वासही याच जातीचा. पुष्कळ साध्या पेट्रोल गाड्यांत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. दाब पडला, तरी कॉम्प्युटरला थेट कळायचा मार्ग नाही. तिथे ‘कोड आला नाही’ याचा अर्थ ‘त्याला विचारलंच नव्हतं’ एवढाच.

राहिला प्रश्न दुरुस्ती झाली हे कधी मानायचं याचा, आणि इथे सगळ्यांत जास्त घाई होते. समजा, गाडी साधारण आठवड्यातून एकदा, कसलाही नेम न ठेवता बंद पडते. काहीही न करता नुसतं सोडून दिलं, तरी पुढचा आठवडा सुरळीत जाण्याची शक्यता सुमारे 37 टक्के निघते. म्हणजे कोणताही भाग बदला, तीनांतल्या एका गिऱ्हाइकाला आठवडाभर गुण आल्यासारखा वाटणारच, आणि तो त्या भागाची शिफारस चार जणांना करणार. तीन आठवडे निर्वेध गेले, तर मात्र ते नुसत्या योगायोगाने होण्याची शक्यता 5 टक्क्यांवर येते. तेव्हा दोन बिघाडांमध्ये जितकं अंतर पडायचं, त्याच्या तिप्पट वेळ तरी निकाल राखून ठेवावा. त्यातही परिस्थिती तीच हवी. एप्रिल-मेमध्ये तापून बंद पडणारी गाडी जूनच्या पहिल्या आठवड्यात दुरुस्तीला दिली, तर तिला बरं करण्याचं श्रेय मेकॅनिकला आणि पावसाला वाटून द्यावं लागेल, आणि कोणाचा वाटा किती, हे पुढच्या उन्हाळ्याशिवाय कळणार नाही. तोवर पार्टचं बिल, वॉरंटीचा कागद आणि बिघाडाच्या नोंदी एकत्र ठेवाव्यात. पुढच्या एप्रिलमध्ये गाडी पुन्हा थांबलीच, तर सुरुवात पहिल्यापासून करावी लागणार नाही. निदान एका संशयिताचं नाव तरी पुराव्यानिशी यादीतून खोडता येईल.